बाजारची गोंडी

अहेरी, ८ मार्च १९५४, सोमवार

भैयाजी शिरस्तेदार म्हणाले, रोज एक पान मराठी लिहीत जा, म्हणजे कचेरीत लेखणी अडणार नाही. म्हणून आजपासून ही वही. आमच्या घरी हिंदी बोलतात, बाजारात झाडीची बोली, आणि कचेरीत पुस्तकी मराठी. वहीत मी पुस्तकी मराठीच लिहिणार आहे.

माझे नाव मन्सूर. वय चोवीस. गेल्या सोमवारपासून मी येथील मॅजिस्ट्रेट आगाशे साहेबांच्या कोर्टात दुभाषी आहे. सहा महिने परीक्षा, मग कायम करायचे की नाही ते ठरेल. गोंड लोक गोंडीत जे सांगतात ते मी साहेबांना मराठीत सांगतो, आणि साहेबांचा प्रश्न त्यांना गोंडीत. काळा कोट शिवून घेतला आहे. तो खांद्यात जरा सैल आहे.

साहेबांनी नेमणुकीच्या वेळी विचारले होते, "गोंडी कुठे शिकलात?"

मी म्हणालो, "अभ्यास केला."

त्यांनी मान हलवून कागदावर काही लिहिले. खरे म्हणजे मी काही अभ्यास केला नाही. अब्बा शफी मणियार बांगड्या विकत. आलापल्ली, पेरमिली, एटापल्ली, सगळे बाजार पायी. मी सहा वर्षांचा असल्यापासून लहान टोपली डोक्यावर घेऊन त्यांच्या आणि अम्मीच्या मागे चालत असे. बांगडी हातात चढवायला वेळ लागतो. तेवढ्या वेळात बाया बोलत राहतात. बस, तेवढीच माझी गोंडी. बांगडीवाल्याची, बाजारची.

अब्बांना जाऊन तीन वर्षे झाली. अम्मी अजून बाजारात बसते. तिला आज सांगितले, की कचेरीच्या समोरून टोपली घेऊन जाऊ नकोस, मागच्या वाटेने जा. ती "बरं" म्हणाली. का म्हणून विचारले नाही. बरे झाले, मला सांगावे लागले नाही.

११ मार्च

नागपुराहून गोंडीचे व्याकरण मागवले होते, ते डाकेने आले. आता मला कोणी अडवू शकणार नाही. रात्रभरात वीस शब्द पाठ करायचे असे ठरवले, पण डोळे मिटले. सकाळी सहा शब्द पाठ केले.

आज एका म्हाताऱ्याची साक्ष होती, हद्दीच्या भांडणाची. मी पुस्तकातल्या शब्दांत विचारले. म्हातारा माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मग त्याने दाराशी उभ्या असलेल्या झिंगू चपराश्याकडे बघितले. झिंगू स्वतः माडिया गोंड आहे, बारा वर्षे या कचेरीत साक्षीदारांना आवाज देतो. तो जमिनीकडे बघून ओठ आवळत होता. त्याचा दात दुखत असावा.

शेवटी हळू आवाजात बाजारच्या गोंडीत विचारले, तेव्हा म्हातारा घडाघडा बोलला. साहेबांना कळले नाही, नशीब. पुस्तक ज्या गोंडांचे आहे ते दूर उत्तरेकडचे असावेत. तरी पुस्तक टेबलावर दिसेल असे ठेवतो. त्याने वजन येते.

१९ मार्च

काही विशेष नाही. कोट उन्हात त्रास देतो. झिंगू मला "बाबू" म्हणतो, पूर्वी बाजारात "मन्सूर" म्हणत असे. आपल्याला ते आवडते का नावडते हे ठरवता आले नाही.

३० मार्च

आज मोठा दिवस. जंगलाच्या आगीचा मुकदमा.

पेरमिलीच्या वाटेवरच्या एका लहान गावची सुकरी नावाची बाई आरोपी आहे. वय चाळीसच्या आसपास, नवरा नाही. मोह फुलला की बाया झाडाखालचा पालापाचोळा जाळून जमीन साफ करतात, म्हणजे पडलेली फुले वेचता येतात. सुकरीने तसा पाला जाळला, आग पसरली आणि ठेकेदाराची बांबूची मोठी थप्पी जळाली, असा तिच्यावर आरोप आहे. जंगलाच्या शिपायाने सकाळी तिला पाला जाळताना पाहिले होते. थप्पी दुपारी पेटली.

साहेबांनी प्रश्न लांबलचक केला. मी तो तोडून तोडून सांगितला. "तू त्या दिवशी मोहाखाली गेली होतीस." ती म्हणाली, "इंगो." "पाला पेटवलास." "इंगो." "आणि आग तशीच सोडून निघून गेलीस, ती पसरत गेली." "इंगो." मग तिने पुढे काही बोलायला तोंड उघडले. पण साहेब घड्याळाकडे बघत होते, आणि मला वाटले की मी अडखळलो तर साहेब म्हणतील, याला येत नाही. मी म्हणालो, "होय म्हणते. तिन्ही गोष्टी कबूल आहेत."

पुस्तकातही इंगो म्हणजे होय असेच आहे. मी पाहून ठेवले होते.

भैयाजींनी लिहून घेतले. सुकरीचा अंगठा घेतला. साहेब मला म्हणाले, "थोडक्यात आणि स्पष्ट. असंच काम पाहिजे." निकाल ९ तारखेला. तोवर ती येथेच कोठडीत.

घरी येताना पाय जमिनीला लागत नव्हते. अम्मीने विचारले, "आज काय केलं, बेटा?" सगळे सांगितले. ती चूल फुंकत होती. फुंकायची थांबली, माझ्याकडे बघितले, मग परत फुंकू लागली. धूर फार झाला होता.

१ एप्रिल

झिंगू दोन दिवस माझ्याशी गोंडीत बोललेला नाही. काही विचारले तर मराठीत "जी बाबू" एवढेच. माझी गोंडी त्याला कच्ची वाटत असेल. आज कोठडीत सुकरीला जावा, म्हणजे पातळ आंबील, झिंगूच घेऊन गेला. स्वतःच्या घरून आणली होती म्हणे.

४ एप्रिल, रविवार

हे लिहायलाच हवे.

आज सुट्टी आणि बाजार एकाच दिवशी. अम्मीचे गुडघे दुखत होते म्हणून टोपली पोचवायला गेलो. कोणी कचेरीतले बघेल म्हणून तिच्या मागे, पडद्यासारख्या टांगलेल्या पोत्याआड बसलो. समोर दोन गोंड बाया आल्या. अम्मी सांगत होती, या हिरव्या फिरोजाबादच्या आहेत. "इंगो." या हातात घट्ट बसतात. "इंगो." तुझ्या बहिणीनं मागच्या बाजारी याच नेल्या. "इंगो." मग ती बाई उठली आणि म्हणाली, मला नकोत, आणि चालू लागली. अम्मीला काहीच वाटले नाही. ती दुसरीशी बोलू लागली.

मी पोत्याआड तसाच बसून राहिलो.

इंगो म्हणजे होय. पण समोरचा बोलत असताना बाया वाक्यावाक्याला इंगो म्हणतात, ते "ऐकून राहिले, पुढे बोल" असे असते. बोलणे संपले, की मग त्या आपले सांगतात. हे मला सहा वर्षांचा असल्यापासून माहीत आहे. आपल्याला माहीत नव्हते असे या वहीतसुद्धा लिहिता येणार नाही. सुकरी कबूल करत नव्हती. ती माझे बोलणे संपायची वाट बघत होती. तिने तोंड उघडले, तेव्हा मीच ते बंद केले.

५ एप्रिल

भैयाजींना गाठले. कचेरी सुटल्यावर, पिंपळाखाली. ते आरमोरीचे, मोकळ्या मनाचे माणूस, म्हणून हिंमत केली.

ऐकून ते पानाची पिचकारी टाकायचीच विसरले. मग म्हणाले, "आता काऊन सांगून राह्यला? अंगठा झाला, सही झाली."

"जबानी चुकली आहे ना, भैयाजी."

"चुकली कोणाची? तुयी. साहेब विचारतील, बाकीच्या जबान्या मंग कशा केल्या? अकरा साक्षी झाल्या तुया हातानं. तुले घरी बसवतील, अन् कोणी काही म्हणणार नाई." मग आवाज उतरवून बोलले, "थांब गा जरा. कायम हो, मंग पुढच्या टायमाले नीट कर. म्या तुया भल्याचं सांगतो."

ते माझ्या भल्याचेच सांगत होते. मला त्यांचे म्हणणे फार पटले. घरापर्यंत पटत होते. दार दिसले तसे पटेनासे झाले.

७ एप्रिल

जेवण गेलं नाही. अम्मीने ताट तसंच उचललं. मग बांगड्या पुसत बसली आणि मला म्हणाली, हे घे, तूही पूस. कितीतरी महिन्यांनी मी बांगड्या हातात घेतल्या.

मी म्हणालो, "अम्मी, मले गोंडी येत नाही. मी उगाच त्या खुर्चीजवळ उभा राहतो."

"कोण म्हणते येत नाई?"

"बाजारची येते. तीही बायांची."

ती हसली. "मंग त्या कोर्टात कोण येते बेटा, राजाची राणी येते का?"

थोड्या वेळानं तिनं विचारलं, "ती बाई तोंड उघडून काय सांगणार होती?"

"मी ऐकलंच नाही."

"मंग जाऊन ऐक. येत नाई, येत नाई काऊन लावलं? ऐकलं नाई, एवढंच तुयं खोटं हाये."

एवढं बोलून ती पुढची बांगडी पुसू लागली. तिला ३० तारखेलाच कळलं होतं, हे मला आत्ता लिहिताना कळतं आहे. आणि झिंगूचा दात काही दुखत नव्हता.

९ एप्रिल, शुक्रवार

सकाळी कोट घातला, मग काढला. मग घातला, कारण साहेबांसमोर सदऱ्यावर जाणं बरं दिसलं नसतं. पुस्तक घरीच ठेवलं.

सुकरीला आणलं. साहेबांनी कागद समोर ओढला, तसा मी पुढं झालो.

"साहेब, निकालाच्या आधी मला एक सांगायचं आहे. तीस तारखेची जबानी मी चुकीची सांगितली."

भैयाजींनी डोळे मिटले. साहेबांनी लेखणी खाली ठेवली. "चुकीची म्हणजे?"

मी इंगोचं सगळं सांगितलं. एकदा सुरू झालं तसं थांबलं नाही. ती ऐकत होती, मी तिला कबूल करायला लावलं. ती पुढं बोलणार होती, मी बोलू दिलं नाही. कारण मी अडखळलो तर आपण म्हणाल याला येत नाही, याची मला भीती होती.

साहेबांचा चेहरा लाल झाला. "एका बाईला दहा दिवस कोठडीत ठेवलंय आपण. तुमच्या हे केव्हा लक्षात आलं?"

"रविवारी."

"आज शुक्रवार आहे."

"हो, साहेब."

या "हो"ला दुसरा कुठला अर्थ नव्हता.

"तुम्ही अभ्यास केलाय म्हणालात ना गोंडीचा?"

"नाही साहेब. ते पण खोटं. माझे वडील बांगड्या विकायचे, आई अजून विकते. लहानपणापासून त्यांच्यासोबत बाजार केले. बांगड्या भरताना बाया जे बोलतात तेवढी गोंडी मले येते." "मले" तोंडातून निघून गेलं. परत घ्यायला वेळ नव्हता.

मला वाटलं आता म्हणतील, बाहेर जा. ते म्हणाले, "या बाईला परत विचारा. मी काही बोलणार नाही, घड्याळही बघणार नाही. तुम्हाला जमेल तसं विचारा. एखादा शब्द नाही कळला तर तसं सांगा."

सुकरी खाली बसली होती. मी उभा राहून विचारायचो, म्हणजे तिला मान वर करावी लागायची. मी तिच्यासमोर उकिडवा बसलो, बाजारात बसतो तसा. जोहार केला. म्हणालो, त्या दिवशी माझं चुकलं, तुझं ऐकायचं राहिलं, आता सांग. तिनं माझ्याकडे नीट बघितलं. म्हणाली, तू शफी बांगडीवाल्याचा ना? तुझ्या बापानं माझ्या लग्नाच्या बांगड्या भरल्या होत्या, तू टोपलीवर झोपला होतास.

साहेबांनी विचारलं, "काय म्हणते?"

माझे कान गरम झाले. पण जसंच्या तसं सांगितलं. दाराशी झिंगू खाकरला.

मग ती बोलली, आणि मी मधे एकदाही तोडलं नाही. तिनं पाला जाळला. पण आधी भोवतीचा पाला झाडून मोकळी जागा केली, आणि आग मोकळ्या जागेशी आली तशी ओल्या फांदीनं मारून विझवली. राख गार झाली की नाही ते पायानं बघितलं. मोहाच्या झाडाला झळ लागली तर पुढच्या वर्षी खायचं काय, असं तिनंच मला उलट विचारलं. तिथून थप्पीपर्यंत मधे गाडीवाट आहे, वाटेच्या दोन्ही बाजूंचं गवत अजून उभं आहे. हवं तर येऊन बघा.

एका शब्दाला मी अडलो. फांदी कुठल्या झाडाची ते कळेना. मी म्हणालो, "साहेब, हा शब्द मला येत नाही." साहेब म्हणाले, "मग विचारा कोणाला." मी झिंगूकडे बघितलं. तो जागेवरूनच म्हणाला, "कुड्याची, बाबू." आणि मग हळूच, गोंडीत, "आता बरोबर चाललं आहे."

साहेबांनी निकाल पुढं ढकलला, सुकरीला तिच्या भावाच्या हमीवर सोडलं, आणि मंगळवारी स्वतः जागा बघायला जायचं ठरवलं. मला काही बोलले नाहीत. नोकरी आहे की गेली, माहीत नाही. पण आज दोन भाकरी खाल्ल्या, आणि वर भातही.

१३ एप्रिल

बैलगाडीनं गेलो. साहेब, भैयाजी, जंगलाचा शिपाई, झिंगू, मी. सुकरी पुढं चालत होती, आम्हाला गाडीत बसूनही तिला गाठता येईना.

मोहाखाली काळं वर्तुळ होतं, आमच्या आंगणाएवढं. त्याच्याभोवती झाडलेली पट्टी. त्यापलीकडे वाळलेलं पिवळं गवत, मग गाडीवाट, मग परत तेच गवत, कंबरेएवढं. आग काही उडी मारून गेली नसणार. साहेब वाटेवर उभे राहून बराच वेळ इकडे तिकडे बघत होते. मग थप्पीच्या राखेला वळसा घालून पलीकडे गेले आणि भैयाजींना हाक मारली. तिथं तीन दगडांची चूल होती. तिच्यापासून राखेपर्यंत जमीन सलग काळी. फुटक्या मडक्यात भाताची करपलेली खरवड.

शिपाई प्रामाणिक माणूस. म्हणाला, "बांबू तोडणारे इथीच जेवन करत होते जी. पन मले कोणी चुलीचं विचारलंच नाई. बाई दिसली का एवढंच विचारलं."

मला त्याचं म्हणणं फार ओळखीचं वाटलं.

परत निघताना सुकरीनं पदरातली मोहाची फुलं काढून साहेबांना दिली. साहेबांनी विचारलं, यांचं काय करायचं? मी तिला विचारलं. ती म्हणाली, खायचं, दुसरं काय. साहेबांनी एक खाल्लं. तोंड वाकडं झालं, मग सरळ झालं, मग आणखी एक घेतलं.

१५ एप्रिल

सुकरी सुटली. साहेबांनी निकालात लिहिलं की आधीची जबानी दुभाष्याच्या चुकीमुळे रद्द समजावी. माझ्या नावासकट. वाचताना मान खाली गेली, पण ते खरं आहे.

नंतर आत बोलावलं. म्हणाले, "तुमच्या हातून झालेल्या बाकीच्या अकरा जबान्या मी परत घेणार आहे. तुम्हीच विचारायच्या, तसंच खाली बसून. झिंगू शेजारी राहील. एखाद्या वेळी तुम्ही दोघं एकमेकांशी भांडलात तरी चालेल, मला सांगून भांडा."

"म्हणजे साहेब, नोकरी?"

"आपण कधी चुकतच नाही असं दाखवणारे दुभाषे मी दोन ठिकाणी बघितले. किती लोक त्यांच्यापायी आत गेले असतील, देव जाणे." मग कागदाकडे बघत म्हणाले, "ती बाई पहिल्या दिवशी तुमच्याशी एका शब्दात बोलली. शुक्रवारी अर्धा तास बोलली. त्या दिवशी समोर बसला होतात ते तुम्हीच ना? त्या माणसालाच रोज पाठवा."

बाहेर आलो तर भैयाजी उभे. "काय झालं गा?" सांगितलं. त्यांनी पाठीत असा धपाटा मारला की कोटाची शिवण उसवली. "म्या म्हणत नव्हतो का," म्हणाले. ते असं काही म्हणत नव्हते.

२३ एप्रिल

आठ जबान्या परत झाल्या. सहा बरोबर निघाल्या! एकीत बैल लाल ऐवजी काळा लिहिला होता, एकीत काका ऐवजी मामा. झिंगू म्हणतो, मामा अन् काका बदलला तर गोंडाच्या घरात फार मोठी गोष्ट होते. दुपारभर त्यानं मला नाती समजावली. मी वहीत लिहून घेतली, दुसऱ्या वहीत. सहा बरोबर. मी परत मोजल्या.

झिंगू आता "मन्सूर" म्हणतो. भर कोर्टात सोडून.

२ मे, रविवार

परवापासून रमजान लागेल असं दिसतं. अम्मी म्हणाली, रोजे लागले की उन्हात बसणं जमणार नाही, आज माल काढून टाकू. मीही गेलो. पोत्याआड जागा होती, पण तिथून बांगड्या भरता येत नाहीत. अम्मीच्या शेजारी पुढं बसलो.

पहिला तास मान वर झाली नाही. मग गर्दी झाली, आणि लाजायला सवड राहिली नाही. हात विसरले नव्हते. बोटं दाबून, अंगठा आत वळवून, बाईला बोलण्यात गुंतवून हलकेच सरकवायचं. तीन फुटल्या, अम्मीनं तिन्ही वेळा मोठ्यानं मोजून दाखवल्या.

दुपारी सुकरी आली. सोबत नवी सून, तिचा हात लाकडासारखा कडक. सुकरीनं कोर्टाचं नावही काढलं नाही. माझ्या समोर बसली, सुनेचा हात माझ्या हातात दिला आणि म्हणाली, घाई करू नको, तुझा बाप घाई करत नव्हता. मी एका शब्दाचा उच्चार चुकलो, तर तिनं तो तीनदा म्हणवून घेतला. सून हसायला लागली आणि तिचा हात आपोआप सैल झाला.

बांगडी अर्ध्यावर, नेमकी हाडावर होती, तेव्हा डोक्यावर सावली आली. वर न बघताच बुटांवरून ओळखलं. आगाशे साहेब. मागे त्यांच्या बाईसाहेब, हातात पिशवी.

"मन्सूर," साहेब म्हणाले.

कचेरीत असतो तर उडी मारून उभा राहिलो असतो. पायांनी तशी तयारीही केली होती. पण पोरीचा हात माझ्या हातात होता.

मी म्हणालो, "साहेब, जरा थांबा. आता सोडलं तर फुटते."

साहेब थांबले. बाईसाहेब तर खालीच वाकून बघू लागल्या. अम्मीनं त्यांच्यासाठी पोतं झटकून अंथरलं. सुकरी काही बोलत होती, मी "इंगो, इंगो" म्हणत ऐकत होतो आणि बांगडी केसाकेसानं पुढं सरकत होती.

चढली. पोरीनं हात उन्हात धरून वाजवून बघितला.

मग मी वर बघितलं आणि म्हटलं, "हं, बोला साहेब."